परदेशी शिकवायला निघालात? आधी दिवस मोजा

मागच्या आठवड्यात संध्याकाळी आमच्या शेजारच्या वहिनी मुलीला घेऊन बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या ऑफिसात आल्या. मुलीची पीएच.डी. इथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाली आणि आता तिला अमेरिकेतल्या एका विद्यापीठात संशोधनाची दोन वर्षांची नेमणूक मिळाली आहे. पगार वर्षाला ६०,००० डॉलर. हातात तिथून आलेला एक फॉर्म होता, त्यावर आकडा ८२३३. "काका, यावर सही केली तर दोन वर्षं कर लागणार नाही म्हणतात. करू ना?"

वहिनींचा प्रश्न वेगळा होता. "रुजू व्हायला एक सप्टेंबर किंवा एक नोव्हेंबर, दोन्ही चालतं म्हणालेत. मी म्हणते, नवरात्र करून, दिवाळीचा फराळ घेऊन जाऊ दे."

दोन्ही प्रश्न साधे वाटतात. पण पहिल्यात साडेचौदा लाख रुपये अडकले आहेत आणि दुसऱ्यात अडीच लाख. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्यावर अशी विचारणा वाढली आहे, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहितो.

दोन सरकारं एकाच पगाराकडे का बघतात

कर मागण्याची दोन कारणं असतात. एक, तू इथला आहेस. दुसरं, तू कमावलंस ते इथे. भारत पहिल्या कारणाने आपल्या निवासी माणसाच्या जगभरच्या कमाईवर कर मागतो, मग ती कमाई बडोद्यातली असो की बोस्टनमधली. अमेरिका दुसऱ्या कारणाने मागते, कारण काम तिच्या जमिनीवर झालं. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे आणि मधे सापडतो तो पगारदार.

म्हणून देश आपसात दुहेरी कर टाळण्याचे करार करतात. भारत आणि अमेरिकेचा करार १२ सप्टेंबर १९८९ ला दिल्लीत झाला आणि १९९० च्या डिसेंबरात अंमलात आला. त्यातलं २२ वं कलम प्राध्यापक, शिक्षक आणि संशोधक यांच्यासाठी आहे. सही करायच्या आधी वहिनींच्या मुलीने वाचावं असं कलम हेच.

कलम दोन्ही बाजूंनी चालतं. अमेरिकेतला प्राध्यापक वर्षभर बडोद्यात शिकवायला आला, तर त्याच अटींवर त्याला भारतात सूट मिळते.

पाहुणा आणि बिऱ्हाड

माझं लहानपण वाड्यात गेलं. पाण्याचं बिल आणि जिन्यातल्या दिव्याचा खर्च सगळी बिऱ्हाडं वाटून घेत. कुणाकडे महिनाभर पाहुणा आला तर त्याचं डोकं त्या वाटणीत धरत नसत. तो आला आहे, जाणार आहे, त्याचं घर दुसरीकडे आहे आणि तिथे तो आपला वाटा देतच असेल, असा त्यामागचा विचार.

बावीसावं कलम हेच म्हणतं. तुम्ही भारताचे निवासी आहात. अमेरिकेतल्या विद्यापीठात, महाविद्यालयात किंवा मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेत शिकवायला किंवा संशोधन करायला निघालात. मुक्काम दोन वर्षांहून जास्त नाही. मग त्या शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या पगारावर अमेरिका कर घेणार नाही. तुम्ही पाहुणे आहात.

अशी सूट सगळीकडे असते असं मात्र धरू नका. श्रीमंत देशांच्या संघटनेने (ओईसीडी) करारांचा जो नमुना बनवला आहे त्यात विद्यार्थ्यांचं कलम आहे, शिक्षकांचं नाही. म्हणजे हे कलम दोन देशांनी ठरवून घातलं तरच असतं. ब्रिटनशी झालेल्या आपल्या करारात ते आहे आणि तिथेही दोन वर्षांची मर्यादा आहे. पण शब्द प्रत्येक करारात वेगळे असतात आणि निकाल त्या शब्दांवरच लागतो. काही करारांत 'मायदेशात त्या पगारावर कर लागत असेल तरच' अशीही अट असते. मैत्रिणीला जर्मनीत काय मिळालं यावरून आपलं अमेरिकेतलं ठरवू नका.

आणि पाहुणा राहिलाच तर?

इथे सगळ्यात जास्त माणसं फसतात.

समजा पाहुणा दोन वर्षं राहिला आणि मग म्हणाला, आता मी इथेच खोली घेतो. साधा माणूस म्हणेल, ठीक, आजपासून वाटा दे. हा करार तसं म्हणत नाही. त्याचे शब्द 'दोन वर्षांहून जास्त नाही अशा मुदतीसाठी भेट देणारा' असे आहेत. मुक्काम दोन वर्षांच्या पुढे गेला, तर तुम्ही पहिल्या दिवसापासूनच या कलमात बसत नव्हता, असा अर्थ अमेरिकेचं करखातं लावतं. दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांनी मिळून वेगळं ठरवलं तर गोष्ट निराळी, पण सामान्य माणसाने त्या भरवशावर राहू नये. पहिल्या दिवसापासूनची सगळी सूट जाते, मागचा सगळा कर व्याजासह भरावा लागतो.

आकडा काढून दाखवतो. ६०,००० डॉलर पगार, तिथली अनिवासी व्यक्ती, २०२५ चे केंद्रीय दर. पहिल्या ११,९२५ डॉलरवर १० टक्के, पुढे ४८,४७५ पर्यंत १२ टक्के, उरलेल्यावर २२ टक्के. मिळून साधारण ८,१०० डॉलर. भारतातून गेलेल्या विद्यार्थ्यांना तिथे जी ठरावीक प्रमाणित वजावट मिळते ती शिक्षक-संशोधकांना नाही, म्हणून पूर्ण पगार धरला. दोन वर्षांचे १६,२०० डॉलर. डॉलर ९० रुपयांचा धरला तर साडेचौदा लाखांच्या वर, व्याज वेगळं.

माझ्या ओळखीतल्या एका मुलाचं हेच झालं. हुशार, कष्टाळू, कागदपत्रांना जपणारा. विसाव्या महिन्यात तिथल्याच एका विद्यापीठाने त्याला एच-वन-बी व्हिसावर पक्की नोकरी दिली. घरात पेढे वाटले गेले. सूट मिळाली तेव्हा विद्यापीठाच्या पगार विभागाने फॉर्म भरून घेतला होता, पण थांबलास तर मागचं परत द्यावं लागेल हे कुणी सांगितलं नव्हतं. सूट म्हणून वाचलेले पैसे त्याने बहिणीच्या लग्नाला पाठवले होते. सुधारित विवरणपत्रं भरताना रात्री दीड वाजता त्याचा मला फोन आला होता. त्या मुलाने एकही गोष्ट लपवली नव्हती, म्हणून तो आवाज अजून मनातून जात नाही.

मग सही करू नये का?

परत यायचं नक्की असेल, तर जरूर करावी. तो तुमचा हक्क आहे. इथल्या नोकरीतून रजा घेतली आहे, परतीची तारीख ठरली आहे, अशा शिक्षकाने संकोच करायचं कारण नाही. फॉर्म दर कॅलेंडर वर्षासाठी नव्याने द्यावा लागतो, त्याला तिथला करक्रमांक लागतो आणि सोबत अटी पूर्ण होत असल्याचं निवेदन जोडावं लागतं.

मनात 'बघू, संधी मिळाली तर थांबू' असं असेल, तर माझा सल्ला वेगळा आहे. सही करू नका. पगारातून कर कापू द्या. सूट आधी घेतलीच पाहिजे असं बंधन नाही. दोन वर्षांच्या आत खरोखर परत आलात, तर विवरणपत्रातून तोच कर परत मागता येतो. त्यासाठी सर्वसाधारणपणे विवरणपत्र भरल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. थांबलात तर कर भरलेलाच असेल, देणं उरत नाही. हातात दरमहा थोडे कमी डॉलर येतील, पण ते पैसे तुमच्या नावाने तिकडे जमा आहेत असं समजा. भिशीत टाकल्यासारखे. ज्यांना सूट घ्यायचीच आहे त्यांनी निदान तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी आणि दोन वर्षं तिला हात लावू नये.

हे कलम सगळ्यांना लागू होत नाही

'भेटीच्या लगेच आधी भारताचा निवासी' ही अट लहान दिसते, पण पुष्कळांना अडवते. अमेरिकेतच पाच वर्षं पीएच.डी. करून तिथेच पुढचं संशोधन घेतलेला मुलगा पासपोर्टने भारतीय असला तरी त्या भेटीच्या लगेच आधी भारतात राहतच नव्हता. वडील बडोद्यातल्या मांडवीत राहतात म्हणून तो निवासी ठरत नाही.

शाळेत शिकवणाऱ्यांची अडचण निराळी. जे-वन या शैक्षणिक देवाणघेवाणीच्या व्हिसावरचे शाळाशिक्षकांचे कार्यक्रम साधारण तीन वर्षांचे असतात. तीन वर्षांचा करार हातात घेऊनच विमानात बसणारी बाई 'दोन वर्षांहून जास्त नाही' या शब्दांत पहिल्या दिवसापासून बसत नाही. एजंट करमुक्त पगाराचं गाजर दाखवत असेल, तर त्याला आधी कराराची मुदत विचारा.

संशोधन सार्वजनिक हिताचं असावं लागतं. ते मुख्यतः एखाद्या खासगी कंपनीच्या फायद्यासाठी असेल तर सूट नाही. सुट्टीत केलेलं सल्लागाराचं कामही यात येत नाही.

तीन वेगवेगळी 'दोन वर्षं'

लोकांचा खरा गोंधळ इथे होतो, कारण तीन नियमांत तोच आकडा येतो.

पहिली दोन वर्षं कराराची. ती पोहोचल्या तारखेपासून मोजायची. मधे दिवाळीला महिनाभर घरी आलात म्हणून घड्याळ थांबत नाही.

दुसरी कॅलेंडरची. जे-वनवरचा शिक्षक किंवा संशोधक तिथल्या करकायद्यात साधारणपणे पहिली दोन कॅलेंडर वर्षं अनिवासी धरला जातो. ऑगस्ट २०२६ मध्ये पोहोचलात तर २०२६ हे अख्खं वर्ष धरलं जातं, मग राहिलात चारच महिने का होईना. २०२७ संपलं की ही मुदत संपते. या काळात तिथल्या सामाजिक सुरक्षा (निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (म्हातारपणचा आरोग्यविमा) यांची पगारातून होणारी ७.६५ टक्के कपात लागत नाही. ही सवलत कराराची नाही, त्यांच्या स्वतःच्या कायद्याची आहे. म्हणून १ जानेवारी २०२८ पासून पगारातून ही कपात सुरू झाली, तर कराराची सूट संपली असं समजू नका. ती ऑगस्ट २०२८ पर्यंत मागता येते. कपात झालेल्या पैशांचा आपल्याकडच्या भविष्यनिर्वाह निधीशी मेळ मात्र बसत नाही, कारण भारत आणि अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा करार नाही. हा अन्याय आहे असं मला वाटतं. दहा वर्षांहून कमी काम करून परतलेल्यांचे ते पैसे बहुतेक तिकडेच राहतात.

तिसरी दोन वर्षं कराची नाहीतच. काही जे-वनधारकांना नंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. ज्या देशांतल्या माणसांना त्यांच्या कौशल्यामुळे ही अट लागते, त्या यादीतून डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने भारताचं नाव काढलं. सरकारी पैशावर गेलेल्यांना आणि वैद्यकीय प्रशिक्षणाच्या डॉक्टरांना ती अजून लागू होते. तिचा २२ व्या कलमाशी संबंध नाही.

आता नवरात्रीचा हिशेब

अमेरिकेने सोडलं म्हणजे भारताने सोडलं असं होत नाही. भारत विचारतो, या वर्षी तू निवासी होतीस का? नव्या कायद्याने 'मागील वर्ष' आणि 'करनिर्धारण वर्ष' ही डोकेदुखी काढून 'कर वर्ष' हा एकच शब्द आणला, ते बरं केलं. पण निवासी कोण हे ठरवण्याचा गाभा तोच राहिला. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात १८२ किंवा जास्त दिवस भारतात असेल तर निवासी, कमी असेल तर अनिवासी.

१ एप्रिलपासून बोटं मोजा. २८ सप्टेंबरला १८१ दिवस होतात. २९ ला १८२. निघायचा दिवसही भारतातलाच धरा. म्हणजे २८ सप्टेंबरपर्यंत देश सोडला आणि मार्चअखेरपर्यंत परत आला नाहीत, तर त्या वर्षी तुम्ही अनिवासी. मधे आजारपणाने किंवा लग्नकार्याने यावं लागलं तर ते दिवसही मोजले जातात, म्हणून काठावरची तारीख घेऊ नका.

ऑगस्टअखेरीस निघाली तर मुलगी अनिवासी ठरते. अमेरिकेत काम करून मिळवलेला पगार भारतात करपात्र नाही. फक्त तो आधी तिथल्या खात्यात जमा व्हावा आणि मग घरी पाठवावा. थेट इथल्या खात्यात घेतला तर 'भारतात मिळालेलं उत्पन्न' असा वाद उभा राहू शकतो.

यंदा, २०२६ मध्ये, अधिक महिना आहे, त्यामुळे नवरात्र ऑक्टोबरात. ते करून, दिवाळीचा फराळ बांधून ती पुढच्या पर्यायाप्रमाणे १ नोव्हेंबरच्या हिशेबाने गेली, तर ती निवासी ठरते. मग नोव्हेंबर ते मार्च या पाच महिन्यांचे २५,००० डॉलर, म्हणजे साडेबावीस लाख रुपये, भारतात करपात्र. पगारदाराची ७५,००० ची वजावट जाऊन २१,७५,००० उरतात. इथलं दुसरं उत्पन्न नाही असं धरून, २०२५-२६ पासूनच्या नव्या पद्धतीच्या दरांनी कर २,४३,७५०, त्यावर चार टक्के उपकर, एकूण २,५३,५००. तिथे कर भरला असता तर त्याची वजावट इथे मागता आली असती. पण तिथे सूट घेतली, तेव्हा वजा करायला काहीच नाही.

हा आकडा ऐकून वहिनी बराच वेळ बोलल्या नाहीत. मुलीला सहाव्या वर्षापासून चणियाचोळी घालून गरब्याला नेणाऱ्या आईला असा हिशेब सांगणं मलाही जड गेलं.

दोन्हीकडे कर नाही, मग ही चोरी नव्हे का?

वहिनींनी घाबरून हेच विचारलं. नाही. २२ वं कलम 'भारताने कर लावला असेल तरच सूट' असं म्हणत नाही. ज्या वर्षी गेलात किंवा त्याच्या लगेच आधीच्या वर्षी तुम्ही भारताचे निवासी असाल, तर ती अट पूर्ण होते. आपली मुलगी मागच्या वर्षी पूर्णवेळ इथेच होती. यंदा ती अनिवासी झाली तरी कराराच्या नजरेत ती भारतातून आलेलीच आहे. दोन्ही नियम उघड्यावर आहेत आणि दोन्ही सरकारांनी विचार करून केलेले आहेत. सांगायचं ते सांगून, विवरणपत्रात दाखवून घेतलेली सूट म्हणजे चोरी नव्हे. चोरी तेव्हा होते, जेव्हा निवासी असताना परदेशी पगार आणि परदेशी खातं दाखवलं जात नाही.

'तिथे कर नाही तर विवरणपत्र कशाला' असंही विचारतात. सूट मागितल्याची नोंद विवरणपत्रातच होते. वर्षाअखेरीस विद्यापीठ १०४२-एस नावाचा कागद देतं, त्यात सूट मिळालेला पगार असतो. तो जपून ठेवा. आणि केंद्राचा कर माफ झाला म्हणून राज्याचाही झाला असं नाही. कॅलिफोर्निया हे करार मानत नाही, तिथे राज्याचा कर लागतो. टेक्सास आणि फ्लोरिडात पगारावर राज्याचा करच नाही. नेमणूक कुठल्या राज्यात आहे यावरून हातात येणारी रक्कम बरीच बदलते.

आखातातल्या शिक्षकांचं काय?

बडोद्यातून दुबई, दोहाला शाळेत शिकवायला गेलेलेही कमी नाहीत. तिथे पगारावर करच नाही, त्यामुळे सूट मागण्याचा प्रश्न येत नाही. त्यांना भीती असते ती २०२० च्या दुरुस्तीची. कुठल्याच देशात कर न भरणारा भारतीय नागरिक, ज्याचं परदेशी कमाई सोडून उरलेलं उत्पन्न १५ लाखांहून जास्त आहे, तो निवासी मानला जातो. पण शिक्षकाचं भारतातलं भाडं आणि व्याज सहसा तिथवर पोचत नाही. पोचलं तरी तो 'सामान्यतः निवासी नसलेला' या वर्गात जातो आणि परदेशातल्या शाळेचा पगार करातून बाहेरच राहतो.

जुनी रीत

माणसं शिकायला परदेशी पाठवण्याची रीत या शहराला जुनी आहे. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, परत येऊन बडोदे संस्थानाची नोकरी करायची या करारावर. शब्द पाळून ते आले आणि या शहराने त्यांना राहायला जागा दिली नाही. माणसं परत का येत नाहीत, असं विचारताना मला ते कायम आठवतं. जा, शिक, शिकव आणि परत ये, हीच कल्पना २२ व्या कलमामागेही आहे. सूट परत येणाऱ्याला आहे. परत येण्यासारखं इथे काही ठेवणं हे आपल्याकडे आहे.

मुलीला मी शेवटी एकच विचारलं, परत यायचं नक्की आहे का. ती आईकडे बघून प्रामाणिकपणे म्हणाली, "माहीत नाही, काका." मग ८२३३ चा फॉर्म कोरा ठेवायचं ठरलं. कर कापला जाऊ दे, दोन वर्षांच्या आत परतली तर मागून घेऊ. तिकीट २९ ऑगस्टचं काढलं आहे. वहिनींनी कालनिर्णयवर एप्रिलपासून एकेक चौकोन मोजला, १५१ भरले. मग मार्चच्या पानापुढे येणारी एप्रिलची पहिली तारीख पेन्सिलीने गोल केली. त्याआधी सुट्टीवर यायचं नाही, असं मुलीला दोनदा बजावलं आणि पुढच्या नवरात्रीला मात्र यायचंच, असं तिसऱ्यांदा.